काळी पँट आणि वैशाखातली हळद

नवी मुंबईतल्या उलव्यातल्या एका छायाचित्रकार वाचकाने लग्नाच्या ऑर्डरचा करारनामा आमच्याकडे पाठवला आहे. रॉ फाइल, अल्बमची मुदत, ॲडव्हान्सचे हप्ते ही सगळी नेहमीची कलमं. त्यांच्यात शेवटून तिसरं कलम असं, की क्रूमधल्या प्रत्येकाने काळा शर्ट, काळी फुल पँट आणि काळे बूट घालावेत. या वाचकाने गुडघ्यापर्यंतचा राखाडी सुती किल्ट घालून साखरपुडा शूट केला. यजमानांची तक्रार नाही, फोटो पसंत पडले, रील दुसऱ्या दिवशी पोचलं. तरीही प्लॅनरने कलमावर बोट ठेवून बिलातून पैसे कापले. पत्र एकच असतं तर उत्तर देऊन विषय संपवला असता. पण कुणाला लुंगीवरून, कुणाला थ्री-फोर्थवरून, एका भगिनीला तर साध्या पंजाबी ड्रेसवरून अडवल्याच्या तक्रारी आहेत. तेव्हा कमरेखाली काय घालायचं हे कामाने ठरवायचं की प्लॅनरच्या लॅपटॉपमधल्या जुन्या फॉरमॅटने, याचा निकाल वैशाखातल्या तारखा सुरू होण्याआधी लागलेला बरा.

खाडीकाठच्या गावांमधली हळद काय असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मांडव घरापुढच्या रस्त्यावर, वर ताडपत्री, चारी बाजूंनी हॅलोजन, बेंजो रात्री उशिरापर्यंत आणि हवेत एवढा दमटपणा की लेन्सही पुसत राहावी लागते. त्यात दोन बॉडीचा हार्नेस, कमरेला बॅटऱ्यांचा पट्टा. धवलारीण विधीचं गाणं म्हणायला बसली की तिच्या नजरेच्या उंचीवर यायला आपण जमिनीवर, आणि नवरदेवाला उचलला की लगेच उभे. अशा बारा-चौदा तासांत पॉलिस्टरची काळी पँट घामाने मांड्यांना चिकटते आणि उकिडवं बसताना शिवणीवर ताणते. मांड्या सोलवटणं हा या धंद्याचा न सांगितला जाणारा आजार आहे. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली दहाएक वर्षं नायट्याच्या चिवट, औषधांना दाद न देणाऱ्या साथीबद्दल सावध करत आहेत. स्टेरॉइड मिसळलेली मलमं हे त्याचं एक मोठं कारण ते सांगतात, आणि त्याच दमात रुग्णाला घट्ट कृत्रिम कपडे सोडायला लावतात. आपण मात्र औषधाच्या दुकानातून तेच मलम आणतो, लावतो आणि पुन्हा तीच पँट चढवतो.

पाय मोकळे ठेवणाऱ्या वस्त्रात गंभीर काम होत नाही, हा आक्षेप आपल्याच क्षेत्राच्या इतिहासापुढे टिकत नाही. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मुंबईत काम करू लागल्या आणि १९४२ मध्ये दिल्लीत गेल्या. लाल किल्ल्यावर फडकलेला स्वतंत्र देशाचा झेंडा, गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटन यांचा निरोप हे सगळं त्यांनी साडी नेसून टिपलं. हातात स्पीड ग्राफिक, म्हणजे आजच्या मिररलेसच्या कितीतरी पट अवजड धूड. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या पेहरावामुळे फ्रेम हुकली असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. उलव्याच्या मांडवात तर पुरावा समोरच बसलेला असतो. कोळी घरातले आजोबा कमरेला रुमाल बांधून, गुडघे उघडे टाकून पहिल्या रांगेत मानाने बसतात. यजमानाचे गुडघे चालतात, फोटोग्राफरचे चालत नाहीत, यामागचं तर्कशास्त्र प्लॅनर मंडळींनी एकदा लिहून पाठवावं, आम्ही छापू.

किल्ट परका आहे, हे खरं. पण शर्ट-पँट काय गव्हाणच्या मळ्यात उगवली? स्कॉटलंडचा परंपरागत किल्ट आठ वार जाड लोकरीचा असतो, तो आपल्या हवेत घालायला कुणी सांगत नाही. मुद्दा त्याच्या बांधणीचा आहे. पुढे सपाट, मागे चुण्या, कमरेला पट्टा, आणि बसताना उघडणारा घेर. २००० साली सिएटलच्या एका कंपनीने याच बांधणीवर मोठे खिसे लावून कामगारांसाठी किल्ट काढला. आपला शिंपी तो सुती ड्रिलमध्ये सहज शिवून देईल. या कपड्याने सरकारी विक्षिप्तपणाही पुरेसा सोसला आहे. १७४६ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने हायलँडच्या पुरुषांना तो घालायला बंदी केली, त्याच सरकारने आपल्या फौजेतल्या हायलँडरांना मात्र त्यातून मोकळं ठेवलं, आणि बंदी उठायला १७८२ उजाडलं. घरी घातला तर गुन्हा, हुकमाने घातला तर गणवेश. आपल्या करारनाम्यांतली कलमंही याच जातीची आहेत.

आता खऱ्या अडचणी. शिडीवर चढल्यावर खालच्याला काय दिसेल, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, विशेषतः उलव्यात. दारात विमानतळ आल्यापासून ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, त्यामुळे वरचा अँगल पुन्हा शिडीवर आणि शेजारच्या गच्चीवर आला आहे. शिवाय खाडीवरचा वारा आहेच. आत काहीही न घालण्याची स्कॉटिश फुशारकी इथे चालणार नाही. गुडघ्याच्या वर संपणारी घट्ट, गडद, सुती अर्धी चड्डी आत हवीच. ज्याला हे मान्य नाही त्याने पँट घालावी. दुसरी अडचण रंगाची. लालभडक चौकड्यांचा किल्ट घालून वधूच्या पुढ्यात बसलात, तर खालून उसळलेला लाल प्रकाश तिच्या हनुवटीवर आणि शालूवर पडणार आणि मग व्हाइट बॅलन्सला शिव्या देत बसाल. राखाडी किंवा काळा, दुसरा रंग नको. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कॅन्डिड करणाऱ्याने दिसू नये, आणि किल्टवाला तर सगळ्यांच्या नजरेत भरतो, पाहुणे त्याच्याबरोबरच सेल्फी काढतात. मान्य. पण हा आक्षेप नवेपणाबद्दल आहे, कपड्याबद्दल नाही. गिंबल घेऊन नाचणारा व्हिडिओवाला सुरुवातीला असाच तमाशा होता, आज त्याच्याकडे कोण बघतं? एकट्याने घातला तर मिरवणं होतं, क्रूमधल्या चौघांनी घातला तर तासाभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

गणवेशाच्या हक्काबद्दलही एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. प्लॅनर मंडळी, पैसे देताना तुम्ही आम्हाला कंत्राटदार मानून टीडीएस कापता, बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, पीएफचं नाव नाही, विमा नाही, पडलो तर दवाखाना आमचा. आणि कपड्यांच्या वेळी मात्र आम्ही तुमचे नोकर. दोन्ही एकाच करारात बसत नाही. तामिळनाडूत २०१४ साली एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे क्रिकेट क्लबच्या कार्यक्रमात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याच वर्षी विधानसभेने कायदा करून अशी अडवणूक हा गुन्हा ठरवला. तो कायदा वेष्टी व इतर भारतीय पारंपरिक पोशाखापुरता आणि प्रवेशापुरता आहे, किल्टवाल्या कंत्राटदाराला तो तारणार नाही, हे आम्हाला कळतं. पण पँट म्हणजेच सभ्यता हे गृहीतक कायद्यानेही अंतिम मानलेलं नाही, एवढं त्यातून निघतं. उलव्यात तिरुमला तिरुपती देवस्थानाच्या मंदिराचं भूमिपूजन ७ जून २०२३ रोजी झालं. तिरुमलाला सेवेला बसणाऱ्या पुरुषाला धोतर किंवा पायजमाच लागतो. तीच शिस्त इथे आली तर काळ्या पँटचं कलम घेऊन प्लॅनर कुठे उभे राहणार आहेत?

प्लॅनरवर सगळं ढकलून आपण सुटत नाही. हे कलम टिकलं ते आपल्यातल्यांच्या सह्यांमुळे. एकाने नकार दिला की दुसरा पाच हजार कमी करून, वर टायसकट उभा राहतो आणि मग ग्रुपवर उकाड्याची रड लावतो. अशांना आमची सहानुभूती नाही. ज्यांना पँटच सोयीची वाटते त्यांनी ती खुशाल घालावी, कुणावर किल्टची सक्ती करायची नाही. पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन नव्हे. अक्षय्य तृतीयेच्या आतल्या ज्या करारांवर अजून सही व्हायची आहे, त्यांतली काळ्या पँटची ओळ खोडा आणि तिच्या जागी लिहा: "पोशाख गडद, एकरंगी, गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली, प्रकार छायाचित्रकाराच्या पसंतीचा." ओळखपत्र गळ्यात घाला, म्हणजे क्रू ओळखू येत नाही ही सबब उरणार नाही. ज्या प्लॅनरने ओळ बदलायला नकार दिला त्याचं लेखी उत्तर, ग्राहकाचं नाव झाकून, महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कार्यालयात पोचवा. तोंडी तक्रारी यापुढे छापल्या जाणार नाहीत.