रस्त्यावरची ‘राखीव’ पाटी आणि उचललेली गाडी

नांदेडचा वजिराबाद-इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, माल उतरवायला गाडी उभी करणे ही आपल्या व्यापाऱ्यांची रोजची कसरत आहे. सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या गोलाईची आखणी १९१७ साली, बैलगाड्यांच्या जमान्यात झाली. अशा दाटीत एखादा दुकानदार सरकारी रस्त्यावरच ‘पार्किंग राखीव’ अशी पाटी ठोकतो, साखळी बांधतो. तेथे उभा केलेला टेम्पो क्रेनने उचलला गेला की कारागिराचा दिवस बुडतो. तो मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो आणि पाटी तशीच राहते.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेले प्राधिकरण ठरवते, तेही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. दुकानदाराला हा अधिकार नाही. कलम १२७ प्रमाणे गाडी उचलता येते ती कायद्याने मनाई असलेल्या जागेवरून, दहा तास बेवारस राहिल्यास किंवा रहदारीला अडथळा झाल्यास. त्यासाठी गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याची संमती लागते. खासगी पाटीने कायदेशीर मनाई होत नाही.

म्हणून बांधवांनो, पाटीचे, जागेचे आणि क्रेनचे फोटो घ्या. कोणत्या आदेशाने जागा राखीव आहे ते विचारा. तडजोड शुल्क भरले की प्रकरण तेथेच मिटते, हे ध्यानात ठेवा. दंड मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडू, असे लेखी द्या. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून महानगरपालिकेकडे व वाहतूक शाखेकडे त्या आदेशाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

मात्र गाडीने खरोखरच वाट अडवली असेल, तर पाटी खोटी निघूनही सुटका नाही. शिवाय आपल्याच दुकानापुढे दगड, स्टूल, लोखंडी खांब ठेवून आपण जागा अडवत असू, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? महापालिका कायद्याच्या कलम २३१ खाली आयुक्त असे अडथळे नोटीस न देताही हटवू शकतात. प्रत्येक बाजारातील व्यापाऱ्यांनी आधी आपले दगड उचलावेत, मग एकत्र अर्ज देऊन मंजूर राखीव जागांची यादी आणि माल उतरवण्याच्या वेळा लेखी मागून घ्याव्यात.