ढोलक माळ्यावर का गेली?

आपल्या मोहल्ल्यांतून गाणे हळूहळू हद्दपार होत आहे. हळदीच्या रात्री ढोलकीवर गाणाऱ्या बाया आता बिचकतात. कुणीतरी सांगून गेलेला असतो की संगीत हराम आहे, आणि म्हातारी मुकाट्याने ढोलक माळ्यावर टाकते. प्रश्न नुसत्या करमणुकीचा असता तर वाद घालण्याचे कारण नव्हते. पण सासुरवास, वैधव्य, परदेशी गेलेला मुलगा, ही दुःखे बोलायला आपल्या बायांना जागा होती कुठे? ती त्या गाण्यांतच होती. ती काढून घेणाऱ्यांनी बदल्यात काय दिले?

धर्माचाच आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यावा. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दटावले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) मुलींना गाऊ द्या असे सांगितले. ही हदीस बुखारीत आहे. वाद्यांना विरोध करणारे उलेमा सर्व पंथांत झाले, हे खरे. पण इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि वेळ, जागा व सोबत पाहून निर्णय करावा अशी भूमिका घेतली. जिथे एवढ्या मोठ्या विद्वानांत मतभेद आहेत, तिथे मोहल्ल्यातल्या कुणीही एका वाक्यात निकाल का द्यावा?

इतिहासही पाहा. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे सुलतान दुसरा बायजीद याने १४८८ मध्ये रुग्णालय उभारले. १७व्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो की तिथे रुग्णांसाठी दहा गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीनदा त्यांचे गायन-वादन होई. हे रुग्णालय मशिदीच्या आवारातच होते!

एवढ्या लांब कशाला, मिरजेला जा. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी १९व्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) याच गावी स्थिरावले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन झाले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणे होते, आणि गाणारे-ऐकणारे सगळ्या धर्मांचे असतात. दर्ग्यात गाऊन खाँसाहेबांचा प्लेग बरा झाला अशी आख्यायिका आहे. सुराने प्लेग जात नाही, त्याला औषधच लागते, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. पण आजारी माणसाला रात्र काढायची असते, आणि ती काढायला सूर मदत करतो. लोकांनी ही कथा जपली ती त्यामुळेच.

उरुसात दारू चालते, लग्नात अचकट-विचकट गाणी कर्कश वाजतात, ही तक्रार रास्त आहे. त्याला जरूर विरोध करा. पण दारूबाजाला हात न लावता म्हातारीची ढोलक बंद करणे ही कसली धर्मसेवा? ज्याला ऐकायचे नाही त्याने ऐकू नये, तो त्याचा हक्क. दुसऱ्याच्या दुःखावर पहारा बसवण्याचा हक्क मात्र त्याला कुणी दिलेला नाही.

येत्या लग्नसराईत ज्या घरात ढोलक माळ्यावर पडली आहे, त्या घरातल्या तरुणांनी ती खाली काढावी, झटकावी आणि आजीच्या हातात द्यावी.