पेनड्राइव्ह दिसत नाही? फॉरमॅटच्या बटणापासून हात दूर ठेवा!

कॅसलरॉक स्टेशनच्या गोष्टी आपल्या भागातील थोरामोठ्यांकडून अनेकांनी ऐकल्या असतील. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. ब्रागांझा घाट चढून आलेली गाडी फलाटाला लागली म्हणजे प्रवासी सुटला, असे नव्हते. जकातीचे लोक ट्रंका, बोचकी उघडून बघत आणि मगच पुढे जाऊ देत. पलीकडे कुळे स्टेशनवर पोर्तुगीजांची तपासणी असे. थोडक्यात, गाडी पोचणे वेगळे आणि माणूस आत येणे वेगळे.

वाचकहो, आज ही आठवण काढली ती एका अगदी आधुनिक अडचणीसाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. जुना कॉम्प्युटर टाकून देण्यापेक्षा त्यावर उबुंटू किंवा मिंटसारखे मोफत लिनक्स घालून घेणे, हा खिशाला परवडणारा मार्ग आहे. लिनक्स चांगले चालते, पण एके दिवशी पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर काहीच येत नाही. मग घरात एकच गलका! ‘गेले सगळे!’ ‘इदु ओपन आगवल्दु!’

मंडळी, जरा थांबा. बहुतेक वेळा काहीही गेलेले नसते. गाडी फलाटावर उभी असते, पण तपासणीच्या कोणत्या तरी पायरीवर अडलेली असते. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या व्यवस्थेत जोडून घेऊन त्यातील फाइली उघडण्याजोग्या करणे, याला लिनक्समध्ये ‘माउंट’ म्हणतात. माउंट झाले नाही तर ड्राइव्ह असून नसल्यासारखा. म्हणून कोणत्या पायरीवर अडले आहे, ते आधी शोधायचे.

पहिली पायरी अगदी साधी. ड्राइव्ह कॉम्प्युटरपर्यंत पोचला आहे का? आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की तोंडाचे धातूचे पट्टे गंजतात, मळतात. कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसा. पुढच्या खाचेऐवजी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूची खाच वापरून पाहा. मध्ये जोडवायर किंवा हब असेल तर काढा. मोठ्या पोर्टेबल हार्ड डिस्कला अशा जोडणीतून पुरेशी वीज मिळत नाही आणि ती नुसतीच टकटक करीत राहते.

दुसरी पायरी म्हणजे हजेरीपट. लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो उघडा. डाव्या बाजूच्या यादीत आपला ड्राइव्ह आणि त्याचे माप दिसते का, ते पाहा. टर्मिनलची सवय असेल तर इंग्रजी लहान अक्षरांत एल-एस-बी-एल-के असे सलग लिहून, एक जागा सोडून डॅश आणि एफ द्यावे. जोडलेल्या सर्व ड्राइव्हची यादी येते. यादीत नाव आहे, पण शेवटचा, म्हणजे माउंटची जागा सांगणारा रकाना रिकामा आहे, तर आनंद माना! ड्राइव्ह जिवंत आहे. फक्त आत घ्यायचा राहिला आहे. ‘डिस्क्स’मध्ये त्या भागाखाली त्रिकोणी बटण असते. ते दाबले की माउंट होते. दर वेळी हेच करावे लागत असेल तर फाइल मॅनेजरच्या पसंतीच्या पानावर ‘काढता येणारी साधने आपोआप माउंट करा’ अशा अर्थाची खूण असते, ती सुरू करून ठेवा. दोन-तीन कॉम्प्युटरवर लावूनही नाव कुठेच येत नाही किंवा माप शून्य येते, तर मात्र दोष ड्राइव्हमध्येच असण्याची शक्यता मोठी.

तिसरी पायरी गेजची. लोंढा-वास्को मार्ग पूर्वी मीटर गेज होता, तो १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. तोवर बेळगावहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना मिरजेला उतरून गाडी बदलावी लागे. माणूस तोच, सामान तेच, पण रुळांची रुंदी वेगळी. ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचेही तसेच. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. जुनी फॅट३२ पद्धत सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. म्हणूनच लग्नाची लांबलचक व्हिडिओ फाइल कॉपी होता होता अडते. मोठ्या मापाची कार्डे एक्सफॅट पद्धतीची येतात. तिचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला आणि २०२० च्या ५.७ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच तिची चांगली सोय झाली. त्याआधीचे जुने लिनक्स असेल आणि ‘अनोळखी फाइल सिस्टिम’ असा संदेश आला, तर एक्सफॅटचे पॅकेज वेगळे घालावे लागते. ड्राइव्ह बिघडलेला नसतो.

याच पायरीवर सर्वांत मोठा धोका दबा धरून बसलेला असतो. एका विद्यार्थिनीची हकिगत सांगतो. तिच्या अज्जीच्या जात्यावरच्या ओव्या आणि काही कन्नड हाडू तिच्या भावाने रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर ठेवले होते. भाऊ लिनक्सवाला, त्यामुळे ड्राइव्हही लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा. पुढे अज्जी गेली. वर्षश्राद्धाला आवाज ऐकावा म्हणून मुलगी ड्राइव्ह घेऊन एका झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथल्या विंडोज कॉम्प्युटरने संदेश दिला की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. दुकानदार भला माणूस, मदत म्हणून बटण दाबायला निघाला. मुलगी म्हणाली, ‘बेडा, अण्णा!’ आणि ड्राइव्ह काढून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात विचारले, ‘सर, यात खरंच काही नाही का हो?’ लिनक्सच्या यादीत पाहिले तर ईएक्सटी४ असे स्पष्ट लिहून आले. त्रिकोणी बटण दाबले आणि सगळ्या फाइली समोर. नवीन काही त्यात लिहिता येत नव्हते, कारण या पद्धतीत प्रत्येक फाइलवर मालकाचा क्रमांक असतो आणि तो भावाच्या कॉम्प्युटरवरचा होता. पण वाचायला, ऐकायला हरकत नव्हती. अज्जीचा आवाज त्याच दुपारी आणखी दोन ठिकाणी कॉपी झाला.

विंडोजने इथे खोडसाळपणा केला नव्हता. त्याला ती लिपी येत नव्हती, इतकेच. आपल्या घरांत हे वेगळे सांगायला नको. ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याने जमिनीचा कन्नड उतारा पाहून ‘हा कोरा कागद आहे, फाडून टाका’ म्हटले, तर आपण ऐकू का? दुसऱ्या वाचणाऱ्याला बोलावू. ड्राइव्हचेही तसेच करा.

चौथी पायरी परवानगीची. कधी ड्राइव्ह उघडतो, पण ‘फक्त वाचा’ असे म्हणतो. मागच्या खेपेला तो नीट न काढता उपटला असेल, तर लिनक्स सावधगिरी म्हणून असे करू शकते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर हे अधिक दिसते. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपले असेल तरीही तीच गत. अशा वेळी क्रम चुकवू नका. जे वाचता येते ते आधी दुसरीकडे कॉपी करा, दुरुस्ती नंतर. एनटीएफएसची दुरुस्ती शक्यतो विंडोजवरच करावी. फॅटची दुरुस्ती लिनक्सवर होते, पण ड्राइव्ह अनमाउंट केलेला असतानाच. आणि फाइली चुकून पुसल्या गेल्याच असतील, तर त्या ड्राइव्हवर नवे एकही अक्षर लिहू नका. नवे लिखाण जुन्याच्या जागेवर बसते.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून एक सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी. कॉपीची पट्टी पूर्ण झाली म्हणजे काम झाले, असे नव्हे. लिनक्स बरेचसे लिखाण आधी मेमरीत ठेवते आणि मग सावकाश ड्राइव्हवर उतरवते. म्हणून ड्राइव्हच्या नावाशेजारची बाहेर काढण्याची खूण दाबा, ‘आता काढता येईल’ असा संदेश येईपर्यंत थांबा आणि मगच हात लावा. आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज कधी दगा देईल सांगता येत नाही, तेव्हा महत्त्वाची कॉपी आभाळ गडगडत असताना काढायला बसू नये.

हे सगळे एका दमात लक्षात राहणार नाही, राहायलाही नको. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीत आणि कन्नडमध्येही मोफत ऐकायला मिळतात. घरातल्या मुलांनी ते बघावेत आणि आई-अप्पांनाही शेजारी बसवून दाखवावेत.

तूर्तास इतके पुरे. पोहोचला का, यादीत आहे का, कोणत्या पद्धतीचा आहे, परवानगी आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून कॉम्प्युटरजवळ चिकटवा. या चारांत फॉरमॅट कुठेच नाही, हे ध्यानात ठेवा. आणि ज्या फोटोंची, कागदपत्रांची, आवाजांची दुसरी प्रत घरात नाही, त्यांची प्रत या रविवारीच काढून ठेवा.