गिटारच्या पेडलांस वीज कोठून द्यावी?

पेडणे तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा मुलगा फेस्तांत व लग्नसमारंभांत गिटार वाजवितो, आणि आपल्या मिळकतीतून त्याने चार पेडले घेतली आहेत. पेडल म्हणजे पायाने दाबावयाची लहानशी पेटी. गिटारचा आवाज तीतून जाताना खरखरीत, लहरता वा घुमता होतो. आता तो म्हणतो की, ह्या चौघींस वीज पुरविणारी पाचवी पेटी हवी, आणि तिची किंमत तर एखाद्या पेडलाहूनही अधिक! ‘स्वतः एकही सूर न काढणाऱ्या डब्याला इतके पैसे कशाला?’ असा भगिनींचा रोकडा सवाल आहे. घरात जुना एलिमिनेटर आहे, राऊटरचा एक जादा अडॅप्टर आहे. तेवढ्यात भागू नये काय? उलट मुलाचे म्हणणे असे की, मागील फेस्ताच्या रात्री गिटारीतून एवढी घरघर निघाली की, पुढल्या वर्षीचे बोलावणे हातचे जाते की काय अशी त्यास धास्ती आहे.

दोघांचेही म्हणणे वाजवी आहे. पण राऊटरचा अडॅप्टर मात्र आजच दूर ठेवावा. बहुतेक पेडलांस ९ व्होल्टची एकदिश वीज लागते, आणि तिच्या प्लगचा मधला भाग ऋण व बाहेरचा धन असतो. राऊटरच्या अडॅप्टरचे टोक हुबेहूब तसेच दिसते व पेडलात सहज बसते. परंतु त्याचा मध्य बहुधा धन असतो आणि दाब पुष्कळदा १२ व्होल्ट. काही पेडलांत उलट्या विजेपासून बचावाची सोय असते, काहींत ती पहिल्याच झटक्यात जळून जाते. प्लगची ही आकृती, म्हणजे एका ठिपक्याभोवती अर्धवर्तुळ व दोहों बाजूंस अधिक-उणे चिन्हे, पेडलावर व अडॅप्टरवर दोन्हीकडे छापलेली असते. ती ताडून पाहण्यास गिटार येण्याची गरज नाही. भगिनींनी स्वतःच ती पाहावी.

आता एलिमिनेटर. बाजारातील साध्या एलिमिनेटरवर ३ पासून १२ व्होल्टपर्यंत सरकणारे बटण असते. धक्का लागून ते ९ वरून १२ वर जाणे काही अवघड नाही. शिवाय बटण ९ वर असतानाही भार हलका असला तर प्रत्यक्षात १२-१३ व्होल्ट येतात, कारण आत दाब स्थिर राखण्याची व्यवस्था नसते. भिंतीतील वीज सेकंदास ५० वेळा हेलकावे घेते. ती सरळ केली की १०० हेलकाव्यांची लहर मागे उरते, आणि ती नीट गाळली नाही तर तीच घरघर होऊन कर्ण्यातून बाहेर पडते. फेस्ताच्या रात्रीच्या त्रासाचे एक कारण हे असावे.

दुसरे कारण समजण्यास थोडा हिशेब मांडावा लागेल. मुलाने चारही पेडलांची विजेची भूक कळविली आहे: डिस्टॉर्शन १०, कोरस २०, डिले ६५ आणि नवीन डिजिटल रिव्हर्ब ३०० मिलिअँपिअर. बेरीज ३९५. एलिमिनेटरवर ५०० लिहिलेले आहे. म्हणजे कागदावर तर वीज पुरून उरते! (उरली तरी बिघडत नाही, पेडल आपल्याला हवी तेवढीच वीज ओढते. दाब मात्र नेमका हवा.) दोष आहे तो एकाच तारेला चार फाटे फोडून चौघांना वीज देण्यात. डिजिटल पेडलाच्या पोटात एक लहानसा संगणकच असतो; तो प्रचंड वेगाने वीज घेतो व सोडतो, आणि त्याची बारीक शीळ त्याच तारेवरून शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये शिरते. डिस्टॉर्शनचे कामच मुळी आवाज कित्येक पटींनी वाढविणे. ते शिळेलाही वाढविते. शिवाय गिटारची केबल आणि विजेची तार अशा दोन वाटांनी पेडले एकमेकांस जोडली गेल्यामुळे एक बंद वळसा तयार होतो, व त्यात आसपासची घरघर उतरते. केवळ दोन-तीन साधी ॲनालॉग पेडले असती, तर आम्ही एक चांगला स्थिर दाबाचा अडॅप्टर व फाट्यांची तार घ्या असे सांगून पत्र मिटले असते.

तेव्हा मुलगा म्हणतो ती पेटी घ्यावी, पण निरखून. तिचे प्रत्येक तोंड विजेच्या दृष्टीने दुसऱ्यापासून अलग असले पाहिजे. बाजारात ह्यास आयसोलेटेड म्हणतात. हा शब्द डब्यावर छापणे फुकट असते, म्हणून दुकानातच परीक्षा करावी. पेटी भिंतीपासून सोडवून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून, दोन तोंडांच्या ऋण टोकांमध्ये मोजावे. काटा शून्याजवळ गेला तर ती तोंडे आतून जोडलेलीच आहेत, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो. दुसरे असे की, ‘एकूण २ अँपिअर’ ह्या आकड्यावर भुलू नये. प्रत्येक तोंड किती देते ते विचारावे. ह्या मुलास तीन तोंडे १०० मिलिअँपिअरची व एक तरी ५००चे हवे.

ट्रान्सफॉर्मरची जड पेटी घ्यावी की हलकी स्विचिंगची? शहरातील जाणकार पुष्कळदा जडच्या बाजूने बोलतात. आमचे मत पेडणे-डिचोलीच्या गावांपुरते वेगळे आहे. जड पेटी २३० व्होल्ट गृहीत धरून बनविलेली असते. पावसाळ्यात किंवा मंडपाच्या जनरेटरवर दाब बराच खाली आला की तिचे ९ व्होल्टही खचू शकतात. चांगल्या स्विचिंग पेटीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. तेवढ्या चढउताराने ती डगमगत नाही. शिवाय तीत घरघर पसरविणारा मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. जड पेटी वाह पेडलाशेजारी ठेवून पाहिली असेल त्यास आमचे म्हणणे पटेल.

सेलवर चालविता येणार नाही काय, असेही भगिनींनी विचारले आहे. डिस्टॉर्शन येईल. चांगला ९ व्होल्टचा अल्कलाइन सेल त्यास पन्नासएक तास पुरेल. मात्र केबल खोचलेली असेपर्यंत पेडल बंद असूनही सेल झिजत असतो, म्हणून वादन संपताच ती काढावी. रिव्हर्बला तोच सेल दोन तासही पुरणार नाही.

इतके लिहून थांबलो असतो; पण मुलाच्या पत्रातील एक वाक्य वाचून आम्ही चरकलो. घरघर घालविण्यासाठी एका सोबत्याने ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन कापावयास सांगितले आहे. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका लग्नमंडपात आम्ही हा उपाय प्रत्यक्ष पाहिला. घरघर खरोखरच थांबली. आणि जेवणानंतर गायकाने गिटारीची तार धरून मायक्रोफोनला ओठ लावताच त्यास असा झटका बसला की तो मागल्या खुर्च्यांवर आदळला. दैव बलवत्तर, म्हणून वाचला. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी हा भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच व्यासपीठावरच मरण पावला. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. बिघाडाची वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून ती असते. पेडलांची पेटी कितीही उत्तम घेतली तरी गिटारीच्या तारा केबलवाटे ॲम्प्लिफायरच्याच धातूस जोडलेल्या राहतात.

म्हणून, भगिनी, पैसे एकदम जमत नसतील तर क्रम असा ठेवावा. प्रथम कापलेला प्लग असल्यास तो बदलावा, आणि गिटार, मायक्रोफोन व कीबोर्ड ह्यांची वीज एकाच ठिकाणाहून, अर्थिंग असलेल्या पट्टीवरून घ्यावी. ३० मिलिअँपिअरच्या गळतीस तुटणारा आर. सी. सी. बी. त्या पट्टीच्या अगोदर बसवून घ्यावा. मंडपवाल्याकडे तो असेलच असे धरू नये. त्यानंतर ती पेटी. तोवर रिव्हर्बला त्याचा स्वतंत्र अडॅप्टर व डिस्टॉर्शनला सेल दिला, तरी बरीचशी घरघर ओसरेल, असा आमचा अंदाज आहे. पुढल्या फेस्ताआधी घरीच रात्री सर्व दिवे-पंखे चालू ठेवून मुलाने तो तपासावा.

जुना एलिमिनेटर टाकून द्यावा काय, असे पत्राच्या तळाशी विचारले आहे. टाकू नये. आजोबांचा ट्रान्झिस्टर ६ व्होल्टवर चालत असेल, तर बटण ६ वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावावी व तो तिकडे द्यावा.