नाट्यप्रवेश की संवादरूप गद्य?

शालेय पाठ्यपुस्तकातील नाट्यप्रवेश वर्गात शिकवला जाताना नाट्यप्रवेश उरतच नाही. संवादरूप गद्य एवढेच त्याचे स्वरूप शिल्लक राहते. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा या संज्ञांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतो आणि प्रकट वाचनात कंसातील रंगसूचना मात्र सर्रास गाळतो. याला प्राथमिक नाट्यज्ञान म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना होय.

जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' (१८५५) घ्या. शिक्षण हाच ज्याचा गाभा आहे अशा या नाटकात जोशी कुणबी दांपत्याला नाडत असताना विदूषक मधूनमधून भाष्य करतो. तो कोठे उभा असतो? त्याचे बोलणे जोश्याला ऐकू जाते, की केवळ प्रेक्षकांना? नाटकातील उपरोधाची सारी भिस्त या प्रश्नांवर आहे. आणि विदूषकाचे स्वभावचित्र लिहून त्यांची उत्तरे मिळत नाहीत. ती दोन बाक सरकवून, चार मुले उभी करूनच शोधावी लागतात.

म्हणूनच साधनांच्या अभावाची सबब येथे टिकत नाही. उणीव शिक्षकाच्या घडणीत आहे, आणि हा शिक्षक आपल्याच मराठी विभागांतून पदवी घेऊन बाहेर पडतो. नाट्यसंहितेला निव्वळ 'वाङ्मयप्रकार' ठरवून प्रयोगापासून तोडण्याचा मूळ अपराध आपला आहे. शाळा केवळ त्याची पुनरावृत्ती करते.