देशोदेशींच्या चुली : गुराख्यांचा हंडा

पदार्थ परदेशी निघाला की त्याचे नाव पुष्कळदा एकीकडे जाते आणि अर्थ दुसरीकडे राहतो. व्हिएन्नात वा बर्लिनमध्ये ‘गूलाश’ मागवावा, तर गोमांसाच्या फोडींचा दाट, तांबडालाल रस्सा समोर येतो. तेच नाव हंगेरीतील एखाद्या घरी उच्चारले, तर यजमानीण वाडग्यात पातळ सार वाढते. त्यात मांसाबरोबर बटाटे असतात, गाजर असते आणि कणकेच्या चिमटून टाकलेल्या इवल्या गोळ्या असतात. पाहुणा बुचकळ्यात पडतो. त्याला हवा असलेला दाट रस्सा त्या घरात ‘प्योर्कोल्त’ या नावाने ओळखला जातो. ‘परतून खरपूस केलेले’ असा त्या शब्दाचा साधारण अर्थ. आज आपण या प्योर्कोल्ताच्या चुलीपाशी बसणार आहोत.

प्रथम ‘गुयाश’ या शब्दाची ओळख करून घेऊ. हंगेरियन भाषेत ‘गुया’ म्हणजे गुरांचे खिल्लार, आणि खिल्लार राखणारा तो ‘गुयाश’. त्याच्या अन्नाचे पूर्ण नाव ‘गुयाशहूश’, अर्थात गुराख्याचे मांस. हंगेरीच्या पूर्वेस आल्फोल्ड नावाचे विस्तीर्ण मैदान पसरले आहे. तेथील करड्या रंगाची, लांब शिंगांची गुरे शतकानुशतके व्हिएन्ना, न्यूरेंबर्ग आणि व्हेनिस येथील बाजारांपर्यंत पायी हाकीत नेली जात. माळावर उघड्या आभाळाखाली मुक्काम पडे. तिकाटण्याला ‘बोग्राच’ नावाचा लोखंडी हंडा टांगून त्यात कांदा आणि मांस रटरटत ठेवायचे, एवढाच त्या गुराख्यांचा स्वयंपाक. अर्थात हे अन्न गोमांसाचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते शिजत नाही आणि शिजावे असा आग्रहही येथे नाही. परंतु ज्या माळावर गुरे हेच धन होते, तेथल्या माणसांच्या ताटात तेच असणार, हे समजून घेतल्यावाचून त्यांच्या स्वयंपाकाची ओळख पटणार नाही.

या पदार्थाचा प्राण म्हणजे पाप्रिका, अर्थात तांबड्या मिरचीची पूड. तिची कुळकथा मोठी मौजेची आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास आणली, आणि साधारण त्याच शतकात तुर्कांमागोमाग ती हंगेरीत पोचली. तेथे तिला दीर्घकाळ ‘तुर्की मिरी’ म्हणत. पुढे दक्षिणेकडील स्लाव्ह शेजाऱ्यांकडून ‘पाप्रिका’ हे नाव आले. ते ‘पापर’ या शब्दापासून निघाले, पापर लॅटिन ‘पिपेर’वरून, पिपेर ग्रीक ‘पेपेरी’वरून, आणि पेपेरीचे मूळ आपल्या ‘पिप्पली’त आहे! फळ अमेरिकेचे, नाव पिंपळीचे आणि कीर्ती हंगेरीची, असा हा त्रिवेणी संगम. सेगेद आणि कलोचा ही तेथील पाप्रिकेची दोन मोठी ठाणी. शरद ऋतूत त्या भागातील घरांच्या भिंतींवर तांबड्या मिरच्यांच्या माळा वाळत असतात. ही पूड पूर्वी तिखटच असे. मिरचीचा जाळ मुख्यत्वे आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. त्या शिरा आणि बिया काढून कुटण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, आणि १९२० नंतरच्या दशकात मुळातच गोड अशा जातीची लागवड सुरू झाली. तेव्हा रंग भरपूर पण तिखटपणा बेताचा, अशी आजची पाप्रिका सिद्ध झाली. आपल्या ब्याडगी मिरचीची कोणास आठवण झाली, तर ती अस्थानी नाही.

याच सेगेदच्या विद्यापीठात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्ज्यी नावाचे शास्त्रज्ञ ‘क’ जीवनसत्त्वाचा विपुल साठा शोधीत होते. एका रात्री पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि तिच्यातच त्यांना हवा तो साठा सापडला, अशी हकीगत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली. १९३७ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एक किलो मांसास जवळजवळ अर्धा किलो कांदा घेतात, आणि तो हात आखडता न घेता घेतात. कारण या रश्शात पीठ मुळीच पडत नाही. जो दाटपणा यावयाचा तो विरघळलेल्या कांद्यातूनच. मांस पोटरीचे. ते चिवट असते खरे, परंतु त्यातील चिकट तंतू मंद आचेवर विरघळून रश्शाला तुकतुकी देतात. कोवळे, महाग मांस येथे निरुपयोगी ठरते. चिरलेला कांदा डुकराच्या चरबीत पारदर्शक होऊन सोनेरी छटा येईपर्यंत सावकाश परततात. मग येतो कसोटीचा क्षण. भांडे विस्तवावरून खाली उतरवून मगच दोन-तीन चमचे पाप्रिका घालायची, झपाट्याने ढवळायचे आणि लगेच थोडे पाणी शिंपडायचे. पाप्रिकेत साखरेचा अंश असतो. आच लागली की ती क्षणात करपते, रंग तपकिरी होतो आणि सगळ्या भांड्यात कडवटपणा उतरतो. तिचा रंग स्निग्ध पदार्थातच सुटतो, म्हणून चरबी हवी. आणि ती करपता कामा नये, म्हणून भांडे खाली हवे. हंगेरियन आई लेकीला पहिला धडा देते तो हाच.

मग मांसाच्या फोडी, मीठ, ठेचलेला लसूण, एखादी ढोबळी मिरची, एक टोमॅटो आणि आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचे कॅरवेचे बी घालून झाकण ठेवतात. पाणी एकदम ओतायचे नाही. मांसाला सुटलेले पाणी आटून खाली नुसती चरबी तडतडू लागली की घोटभर पाणी घालायचे, ते आटले की पुन्हा घोटभर. अडीच-तीन तास हा क्रम चालतो. आपण रस्सा ‘तेल सुटेपर्यंत’ परततो, त्याच जातीचे हे ज्ञान. शेवटी वर लाल तवंग आणि खाली दाट रस असे रूप येते. जोडीला ‘नोकेद्ली’ असतात : मैदा, अंडे व मीठ यांचे सैलसर पीठ भोकांच्या किसणीतून उकळत्या पाण्यात पाडायचे आणि वर तरंगू लागले की निथळून घ्यायचे. सोबत काकडीची आंबटगोड कोशिंबीर.

गुराख्याचे हे अन्न सरदारांच्या पंक्तीत कसे पोचले, तो इतिहास आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचण्याजोगा आहे. हंगेरीवर त्या काळी हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता होती. १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने हंगेरीचा राज्यकारभार जर्मन भाषेतून चालावा असे फर्मान काढले, आणि हंगेरीचा पवित्र राजमुकुटही व्हिएन्नास नेला. बड्या लोकांना तोवर आपली भाषा, आपला पोशाख आणि आपले अन्न यांचे फारसे अगत्य नव्हते. आता ते जागे झाले. कोणते अन्न निःसंशय आपले, व्हिएन्नाचे नव्हे, असा शोध घेता नजर गेली ती माळावरच्या हंड्याकडे. ज्या अन्नाला वाड्यात प्रवेश नव्हता, ते अभिमानाने पानात वाढले जाऊ लागले. १७९० साली मृत्यूपूर्वी सम्राटाने आपली बहुतेक फर्माने मागे घेतली आणि मुकुट परत आला. हंडा मात्र वाड्यातून पुन्हा माळावर गेला नाही.

दुसरी कसोटी १९२० सालची. त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन माणसे घर न सोडता परराज्यात जाऊन बसली. त्यांतल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या वंशजांची संख्या आजही रुमानियात सुमारे दहा लाख आहे. त्यांच्या चुलीवर प्योर्कोल्त शिजतच राहिला. पण शेजारच्या रुमानियन घरांशी जडलेल्या जुन्या सहवासाची खूणही त्यांच्या स्वयंपाकात आहे. ‘तोकान्य’ नावाच्या त्यांच्या रश्शात पाप्रिका थोडी आणि मिरी अधिक, आणि त्याचे नावही रुमानियन भाषेतूनच आलेले. म्हणून तो पदार्थ कमी हंगेरियन झाला, असे तेथे कोणी मानीत नाही. इंदूरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण पडले, बडोद्याच्या उसळीने शेवेशी संसार थाटला, म्हणून त्या घरांचे मराठीपण उणावले काय? शेजारधर्माने चव बदलते, ती बदलावीच. चिंता करावयाची ती वेगळ्या गोष्टीची. ‘फोडणी’, ‘कट’, ‘वाटण’, ‘मुरवणे’ हे शब्द ज्या दिवशी स्वयंपाकघरातून जातील, त्या दिवशी पदार्थ टेबलावर असूनही हातचा गेलेला असेल. शाळेची भाषा सरकार ठरवते, कचेरीची भाषाही ठरवते. फोडणी देताना आई मुलीशी कोणत्या भाषेत बोलते, ते मात्र आजवर कोणत्याही फर्मानाला ठरवता आलेले नाही.

प्योर्कोल्ताची रीत मांसापुरती बांधलेली नाही. हंगेरीत मेंढीचा, कोंबडीचा, इतकेच नव्हे तर अळंब्यांचाही प्योर्कोल्त करतात. आपल्या वाचक-भगिनींसाठी त्याच रीतीचा, तेथील साध्या घरांतला बटाट्याचा पाप्रिकाश देत आहे. तेथे त्यात पुष्कळदा सॉसेजचे काप पडतात. ते वगळले तरी पदार्थ उणा होत नाही.

साहित्य : १ किलो बटाटे, ३ मोठे कांदे, ३ मोठे चमचे तेल, २ मोठे चमचे ब्याडगी मिरचीची पूड (बिया व शिरा काढून कुटलेली), अर्धा चमचा शहाजिरे, ३ पाकळ्या लसूण, १ ढोबळी मिरची, १ टोमॅटो, मीठ.

कृती : कांदा बारीक चिरून मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतावा. पातेले खाली उतरवून मिरचीपूड घालावी, ढवळून लगेच अर्धी वाटी पाणी घालावे. पातेले पुन्हा चुलीवर ठेवून लसूण, शहाजिरे, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि बटाट्याच्या मोठ्या फोडी घालाव्यात. मीठ घालून बटाटे जेमतेम बुडतील इतकेच पाणी ओतावे व झाकण ठेवून शिजवावे. दोन-चार फोडी डावाने मोडल्या म्हणजे रस आपोआप दाटतो. वाढताना घट्ट दही फेटून वर घातले तर शोभते.

मुलांना हा पदार्थ वाढाल तेव्हा त्याचे हंगेरियन नाव अवश्य सांगा. आणि तो कसा केला ते मराठीत सांगा.