अर्धा तास तिलाही हवा

आज रथसप्तमी. राज्यातल्या अनेक शाळांच्या मैदानांवर मुले रांगेने सूर्यनमस्कार घालतील, व्यायामशाळांत 108 नमस्कारांचे संकल्प पुरे होतील. अंगणात, अंगण नसेल तिथे गॅलरीत, दूध उतू घातले जाईल आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची सांगता होईल. सूर्याच्या उपासनेला शरीराच्या मेहनतीची जोड देणारा हा दिवस आम्हाला मनापासून प्रिय आहे. म्हणूनच उद्याच्या अष्टमीची काळजी वाटते.

सूर्यनमस्कार घरोघर नेण्याचे मोठे श्रेय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. त्यांनी स्वतः नेम धरला, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, त्यावर लिहिले. 1938 मध्ये त्यांचे पुस्तक लंडनमध्ये इंग्रजीतूनही निघाले. पण आज त्यांची आठवण काढायची ती आणखी एका गोष्टीसाठी. त्यांच्या घरात व्यायाम हा एकट्या पुरुषाचा नेम नव्हता. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत.

आपल्या घरांत असे किती ठिकाणी घडते? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के. दिवसभर राबणाऱ्या बाईची हालचाल कमी कशी, असे कुणी विचारील. धुणे, झाडलोट ही हालचालच आहे, ती मोजलीही जाते. पण ओट्याशी दोन तास उभे राहून पाय भरून येतात, त्याने दम वाढत नाही. कणीक मळून, भाजी निवडून, डबे भरून बाई थकते, तरी हृदयाला आणि स्नायूंना हवा तो व्यायाम तिला मिळालेला नसतो.

आणि हा थकवा कुठून येतो, तेही सरकारी नोंदींत आहे. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी 289 मिनिटे त्यात जातात असे आढळले. पुरुषांची 88 मिनिटे, तीही जे घरकामाला हात लावतात त्यांची. म्हणजे जवळजवळ पाच तासांसमोर दीड तास. ‘तू पण चालायला जात जा ना’ हा घरातल्यांचा सल्ला प्रेमाचा असतो, पण सकाळी सहा ते नऊमधले एकही काम तिच्या हातून कमी झाले नसेल तर तो सल्ला म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम.

जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा अवाजवी नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काही. मुलांना मात्र रोज सरासरी तासभर हुंदडायला हवे. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचेही व्यायाम करावेत, कारण त्या वयात पडणे महागात जाते. गुडघे दुखत असतील तर नमस्कारांचा हट्ट नको, चालणे पुरे. आजच्या एका दिवसात 108 नमस्कार घालून उद्यापासून खुर्चीत बसण्यापेक्षा रोज 12 घालणे कितीतरी हिताचे, हे जुन्या तालमीतला कोणताही वस्ताद सांगेल.

पण हा अर्धा तास घरात आपोआप तयार होत नाही, तो कुणीतरी मोकळा करून द्यावा लागतो. भाजी रात्रीच निवडून ठेवता येते, आणि ती मुलगाही निवडू शकतो. सकाळचा चहा आजोबा टाकू शकतात. रात्रीची भांडी दोघांनी मिळून आवरली तर शतपावलीलाही दोघांना एकत्र निघता येते, आणि दिवसभरात न झालेले बोलणे त्या वाटेवर होते. यातल्या कशालाही जिमची फी लागत नाही. घरच्या पुरुषांनी मनावर घ्यायला मात्र लागते, आणि आमच्या मते गाडे अडते ते तिथेच.

तेव्हा आज हळदीकुंकवाहून ती परतली की सगळ्यांनी एकत्र बसा आणि उद्याचे डबे कोण करणार, एवढे ठरवा. नाव तिचे सोडून दुसऱ्या कुणाचे तरी घ्या.